कोट न घालता काढलेला फोटो

गुरुवार, दुपारी साडेचार. रक्कम दोन दिनार. हजर: तुम्ही, मी आणि इथे आखातात, गुदैबिया भागातल्या फोटो स्टुडिओचे जोसेफभाई.

सुलभाताई, ही सुरुवात बघून तुम्ही हसला असतात. "आलं आमच्या हिशोबनीसांचं व्हाउचर." पण त्या दुपारची गोष्ट मला दुसरीकडून सुरू करता येत नाही. आधी आकडा लिहिला की माझा हात स्थिर होतो.

केमो थांबवून महिना झाला होता. 'संपली' म्हणायचं नाही, 'थांबवली' म्हणायचं, हे तुम्हीच आम्हाला बजावलं होतंत. गाडीत तुम्ही डोक्याला सुती रुमाल बांधून बसला होतात आणि मला डावं-उजवं सांगत होतात, जसा काही मी गुदैबियात राहतच नाही. स्टुडिओत शिरताच जोसेफभाईंनी सवयीनं खिळ्यावरचा काळा कोट काढला. व्हिसाचा फोटो असो, स्थळाला दाखवायचा असो, गावी आईला पाठवायचा असो, ज्याच्याकडे कोट नाही त्याला अर्ध्या दिनारात तो कोट. समोरून बेतून शिवल्यासारखा, मागून कपड्यांचे चिमटे लावलेला.

"मॅडम, कोट?"

"नको."

"शॉल भी है."

"नको हो, जोसेफभाई."

मग तुम्ही रुमाल सोडलात आणि घडी करून माझ्या हातात दिलात. जोसेफभाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, बाल कंप्यूटर में लगा देगा. फ्री."

"पहले अपने लगाओ!"

त्यांच्या टकलावर तेव्हा स्टुडिओचे दोन्ही दिवे चमकत होते. इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

आणि मग तुम्ही कॅमेऱ्याकडे पाहिलंत.

ताई, मी फार भारावून जाणारा माणूस नाही, तुम्हाला माहीत आहे. देवळात गेलो तरी माझं लक्ष पंख्यांवर धूळ किती आहे याकडे असतं. पण त्या क्षणी मी एक पाऊल मागे सरलो आणि दिव्याच्या स्टँडला धडकलो. तुमच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, धीर नव्हता, हसूही नव्हतं. फक्त तुम्ही होतात, आणि कोण बघतंय याची तुम्हाला काही पडलेली नव्हती. ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. दर हिवाळ्यात एकदा मी ते पडद्यावर पाहत आलो होतो. ते बाळ्याचं बघणं होतं.

ज्यांनी आपली फिल्म पाहिली नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगतो. तुम्ही तोवर चहा घ्या.

पहिलं महायुद्ध हरल्यावर थोड्याच वर्षांनी जर्मनीत काढलेली ती मूकफिल्म. लग्नाआधी तुम्ही पुण्यात जर्मन शिकवत होतात, तेव्हा तुमच्या सरांनी तिची प्रत तुम्हाला दिली होती. तिच्यात नावाची पाटीच उरली नव्हती, म्हणून आपण तिला नुसतं 'कोट' म्हणायचो. गल्लीतला एक फोटो स्टुडिओ, खुंटीवर एकच भारी कोट. हमाल, बेकार कारकून, धोबिणीचा मुलगा, जो येईल तो तोच कोट चढवून बसतो आणि फोटोत सगळेच साहेब दिसतात. लढाईवरून परतलेला एक तरुण तिथे कोट झटकायच्या कामावर असतो. रस्त्यात त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. एका संध्याकाळी तो कोट घालून बाहेर पडतो, तर पोलीस त्याला सलाम ठोकतो. मग रोज संध्याकाळी तेच. हळूहळू त्याला आरशात कोट दिसतो पण वरचं डोकं दिसेनासं होतं. घरांच्या भिंती कलतात, जिना अंगावर येतो. शेवटी तो कोट घालून स्वतःचा फोटो काढतो, आणि फोटोची काच धुतल्यावर तिच्यात उमटते ती नुसती रिकामी कॉलर.

त्याला फिल्ममध्ये नाव नाही. 'बाळ्या' हे नाव मधूनं ठेवलं. मधू म्हणजे आमचा संगमेश्वरचा, एका कंपनीत ड्रायव्हर असलेला.

पहिल्या वर्षी, गुदैबियातल्या एका खाणावळीवरच्या हॉलमध्ये आपल्या मराठी लोकांसाठी ती लावली तेव्हा, तुम्ही पडद्याशेजारी उभ्या राहून जर्मन पाट्या मराठीत सांगत होतात आणि लोक हसत होते. बाळ्या कोंबडीसारखा तुरुतुरु चालत होता. तुमचा आवाज चढत होता. मी तुम्हाला ओळखतही नव्हतो, पण माझी नजर फिल्ममधल्या भिंतीवरच्या घड्याळावर खिळली होती. त्याचा सेकंदकाटा माझ्या मनगटावरच्या पंचेचाळीस सेकंदांत पुरा फेरा मारत होता. मध्यंतरात मी येऊन म्हणालो, "बाई, तुमची फिल्म पाऊणपट वेगानं चालवायला हवी. लॅपटॉप तिला पळवतोय." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसा मी पगार वाढवून दिला.

मी वेग कमी केला आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली. तेच लोक, त्याच खुर्च्या. बाळ्या खुंटीवरून कोट उतरवतो, त्याच्या खांद्यावरचा एक केस उचलतो आणि तो केस कुठे टाकावा हे त्याला कळत नाही. आधी हेच दृश्य फटकन गेलं होतं. आता हॉलमध्ये खालच्या भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस आपल्या वेगानं श्वास घेत होता. माझ्या एका बटणानं हे झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

रिकाम्या कॉलरचं दृश्य आलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या बँकवाल्या बायकांनी तोंडावर हात नेले. आणि मागून मधू ओरडला, "फोटो रिजेक्ट!"

सगळा हॉल हसत सुटला. आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी व्हिसाच्या खिडकीवर हे ऐकलेलं आहे: कान दिसत नाहीत, चष्मा चमकतोय, परत काढा. त्या जर्मनांना जे भयंकर वाटलं असेल ते आपल्या लोकांना रोजचं निघालं. मला वाटलं, आता तुम्ही चिडणार. तुम्ही काठीनं पडद्यावर टकटक केलंत आणि म्हणालात, "बरोबर आहे. पण रिजेक्ट कोणी केला? ते सांगा."  पुढच्या वर्षापासून त्या दृश्याला तुम्ही स्वतःच "फोटो रिजेक्ट" म्हणायला लागलात, इतक्या हळू की कोणी हसलं नाही.

तुमच्या-माझ्या भांडणांची मला आता फार आठवण येते. मी म्हणालो होतो, "ताई, ती भिंत वाकडी आहे. सेट बांधणाऱ्यानं ओळंबा लावलेला नाही." तुम्ही म्हणालात, "सावंत, भिंत सरळच आहे हो. बघणारा कललाय." मग समजावलंत, की चार वर्षं बाळ्याच्या अंगावर गणवेश होता. लोक गणवेशाला ओळखत होते. लढाई हरली, गणवेश गेला, आणि आत कोण होतं ते त्याचं त्यालाच आठवेना. "एकट्याचं नाही, अख्ख्या शहराचं तसं झालं असणार," तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली. पण मला ते खरं कळलं नंतर, हॉस्पिटलच्या खिडकीपाशी.

तुम्हाला आठवत असेल. तुमची पहिली तपासणी होती, तुमचे यजमान विनायकराव, आमचे साहेब, कामात होते म्हणून मी आलो होतो. आत सोडायला ओळखपत्र मागितलं. मी माझं जुनं कार्ड काढलं आणि नेहमीसारखं दाखवलं, म्हणजे हुद्द्यावर अंगठा ठेवून. मी बी.कॉम., कंपनीचे हिशेब बघणारा. पण आलो तेव्हा कंपनीकडे प्लंबरचाच व्हिसा शिल्लक होता, म्हणून कार्डावर मी प्लंबर. वर्षानुवर्षं तो अंगठा तिथे आपोआप जायचा. बायकोच्याही कधी लक्षात आलं नाही. तुमच्या आलं.

"अंगठा काढा, सावंत."

"ताई, उगाच कशाला..."

"काढा. प्लंबर दिसला म्हणून तुमची बेरीज चुकणार आहे का?"

खिडकीतल्या मुलीनं कार्ड पाहिलं, परत दिलं, "यल्ला", चला पुढे, म्हणाली. इतकंच. बाहेर आल्यावर तुमच्या रिपोर्टची चिंता करायची सोडून मी माझ्या अंगठ्याकडे बघत होतो. कुठल्याशा परक्या देशातल्या परक्या काळातल्या माणसानं त्या फिल्ममध्ये माझ्या अंगठ्याचं चित्र आधीच काढून ठेवलेलं होतं.

आता शेवटचं दृश्य. बाळ्या कोट खुर्चीवर ठेवतो. उसवलेल्या सदऱ्यानं कॅमेऱ्यासमोर बसतो आणि बघतो. पाटी येत नाही. काही घडत नाही. तो बघत राहतो, आपल्याकडे, इतका वेळ की माणसानं खुर्चीत चुळबुळ करावी. मग अंधार. तिथे तुम्हीही काही बोलायचा नाहीत.

दर वर्षी मी विचारायचो, "ताई, लोकांना सांगा तरी. शहाणा झाला की पुरता वेडा झाला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"वेडा. शुद्धीवरचा माणूस एवढा वेळ कोणाकडे बघत नाही."

"मग तुम्ही अजून कोणाला नीट पाहिलेलं नाही," तुम्ही म्हणायचात, आणि चहाला निघून जायचात. हे काही उत्तर नव्हे. मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो.

तर त्या गुरुवारी फोटो झाल्यावर तुम्ही रुमाल परत बांधलात, पर्समधून दोन दिनार काढून जोसेफभाईंना दिलेत आणि मला म्हणालात, "माझ्या मागे हा लावायचा. प्रिंट, फ्रेम तुम्ही बघा."

"साहेबांना कोण सांगणार?"

"तुम्ही. नाहीतर ते मला पैठणी नेसवतील."

आणि तसंच झालं, ताई.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी रिफाला तुमच्या घरी गेलो. गाडीच्या डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. विनायकरावांनी दार उघडलं आणि मला थेट दिवाणखान्यात नेलं. टेबलावर बँकेच्या समारंभातला तुमचा पैठणीतला फोटो मोठा करून ठेवला होता. कॅनडाहून तुमच्या मुलानं, अमोलनं, तो कॉम्प्युटरवर साफसूफ करून पाठवला होता. गळ्याजवळची सुरकुती नव्हती. कपाळावरचा लहानपणचा व्रणही नव्हता.

"कशी दिसते?" साहेबांनी विचारलं.

"छान दिसतायत." खोटं नव्हतं ते. छानच दिसत होतात.

मग मी धीर केला. "साहेब, ताईंनी एक फोटो काढून घेतला होता. शोकसभेत तो लावावा असं त्यांनी मला..."

"माहीत आहे मला. तिनं सांगितलं होतं. मी पाहिला नाही आणि पाहणार नाही." ते खुर्चीत बसले. तुमच्या खुर्चीत नाही, शेजारच्या. "सावंत, शेवटचे महिने मी तो चेहरा रोज पाहिलाय. तोंड धुवायला मीच धरत होतो. लोक येणार, फोन काढणार, ग्रुपवर टाकणार, बिचारी म्हणणार. का म्हणून? तो चेहरा तिनं मला दिला होता. तो माझा आहे."

 चुकीचं ते काहीच बोलत नव्हते. एका बाजूला तुमचा शब्द, दुसऱ्या बाजूला या माणसाचे ते महिने. दोन्ही रकमा खऱ्या आणि ताळेबंद जुळत नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी चहा घेतला, निघालो. फ्रेम डिकीतच राहिली.

शुक्रवारी हॉलवर सभा ठेवली. समोर टेबल, पैठणीतला फोटो, मोगऱ्याचा हार. साहेब पहिल्या रांगेत, शेजारची खुर्ची रिकामी. भाषणं नकोत, फिल्म लावू, असं ठरलं होतं. पाट्या कोण सांगणार, यावर मात्र कोणीच तयार होईना. मला आग्रह झाला. मी म्हणालो, मी वेग सांभाळतो, तेवढंच मला येतं. शेवटी नुसतीच लावायची, मुकी, असं ठरलं.

पहिली जर्मन पाटी आली. अंधारात कोणाला काही कळण्याचं कारण नव्हतं. आणि मागून मधूचा आवाज आला, घसा खाकरून, "ह्या गल्लीत कोट एकच, आणि माणसं पुष्कळ."

तुमचं वाक्य. तुमच्याच ठिकाणी थांबून.

दुसऱ्या पाटीला डावीकडून कोणी बाई म्हणाली, "साहेब व्हायला कितीसा वेळ लागतो? बटणं लावायला लागतो तेवढा." तिसरी पाटी एका सातारकडच्या फिटरनं सांगितली, चौथी बुदैयाहून आलेल्या इंजिनियरच्या मुलीनं, जी घरी आईशी इंग्रजीतच बोलते. कोणी ठरवलं नव्हतं. कोणी कोणाच्या मध्ये आलं नाही. प्रत्येकाच्या बोलीत तुमचं वाक्य थोडं वाकत होतं आणि तरी तुमचंच राहत होतं. ताई, मी लॅपटॉपवर बोट ठेवून उभा होतो. तुम्हाला वाटायचं लोक चहा-समोशाला येतात. त्यांना सगळं पाठ होतं.

रिकामी कॉलर आली. "फोटो रिजेक्ट," सगळा हॉल एकदम म्हणाला, हळू, तुमच्यासारखा.

मग शेवटचं दृश्य. बाळ्यानं कोट खुर्चीवर ठेवला आणि सगळे गप्प झाले. पहिल्या रांगेकडे मी बघत नव्हतो, पण पडद्याच्या उजेडात मला साहेबांची मान दिसत होती. इतर वर्षी ते या जागी उठून गाडी काढायला जायचे. त्या दिवशी ते बसून राहिले. बाळ्या त्यांच्याकडे बघत होता आणि ते बाळ्याकडे. बाळ्याचा चेहरा तसा साधा आहे, गालाचं हाड वर आलेलं, डोळ्यांखाली खळगे. पण त्याच्याकडे बघून कोणाच्या तोंडून 'बिचारा' निघालं नाही. त्या हॉलमध्ये कधीच निघालेलं नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि मला वाटतं साहेबांच्याही.

दिवे लागले. साहेब उठले, माझ्याजवळ आले.

"गाडीत आहे?"

"हो."

"आणा."

मी जिना उतरून फ्रेम आणली. त्यांनी वर्तमानपत्र स्वतः सोडवलं. उभ्यानं पाहिलं. लोक थांबले होते. ते तुमच्याकडे बघत होते त्याला किती वेळ झाला हे, ताई, मी मोजलं नाही. मी, आणि मोजलं नाही.

"ही तर सगळी तीच आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं आजारपण दिसेल."

मधू टेबलावरचा हार काढायला पुढे झाला. साहेबांनी हातानं थांबवलं. "तो तिथेच असू दे. पैठणी तिला आवडायचीच. आणि हिला हार नको. कोट नको म्हणाली होती ना?" मग त्यांनी तुमचा फोटो आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत ठेवला, पाठीला टेकवून, लोकांकडे तोंड करून, आणि स्वतः शेजारी बसले.

लोक एकेक करून आले. तुमच्यासमोर थांबले. फोन कोणी काढला नाही. मधूची बायको सुनंदा व्हिजिट व्हिसावर आलेली आहे, ती बराच वेळ उभी राहिली. मग डोळे पुसत नवऱ्याला म्हणाली, "जोसेफच्या त्याच कोटातला तुमचा फोटो बघून माझ्या बापानं मला दिली. असा दाखवला असतात तर?"

"तर काय, दिली नसती."

"दिली असती," ती म्हणाली. "मी नीट बघून हो म्हटलं असतं."

साहेब हसले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा.

बाळ्या शहाणा की वेडा, हे अजून मी मान्य केलेलं नाही. तुम्ही उत्तर न देताच गेलात आणि मी तुमच्या फोटोला उत्तर समजणार नाही, ते हिशेबात बसत नाही. पण तुमच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मीही बराच वेळ बघत राहिलो, आणि शुद्धीवर होतो. एवढं नोंदवून ठेवतो. पुढच्या हिवाळ्यात लॅपटॉप मीच चालवीन, पाऊणपट वेगानं. पाट्या लोक सांगतील.

शनिवारी साहेब आणि मी स्टुडिओत गेलो. प्रिंट आणि फ्रेम मिळून सहा दिनार द्यायचे राहिले होते. मी पाकीट काढलं तर साहेबांनी माझा हात धरला. जोसेफभाईंच्या बिलावर कोटाचं भाडं छापलेलंच असतं, अर्धा दिनार. त्यावर जोसेफभाईंनी पेनानं रेघ मारली, आणि सहा दिनार विनायकरावांनी त्यांच्या हातावर ठेवले.